आधी एकटं जायचं

आश्रुबा : ठराव दोनच ओळींचा हाय, मनकर्णे. लिहून ठेवलाय मी. सटवाला विहिरीच्या सोसायटीतून कमी करायचं, आणि आपल्या विहिरीवर त्याच्या घरची घागर टेकू द्यायची न्हाई. चार वाजता देवळापुढं लिंबाखाली मंडळी बसली की वाचतो. तू निसती उभी ऱ्हा आणि ‘मान्य हाय’ म्हण. संपलं.

मनकर्णा : त्याच्या आदी मला बोलायचंय, मामा.

आश्रुबा : मग बोल की. उन्हाची उंबऱ्यात कावून उभी? आत ये. बस त्या पोत्यावर.

मनकर्णा : मामी कुटं हाय?

आश्रुबा : परसात. शेळीला लिंबाचा पाला टाकायलीय. दुसरं हाय काय टाकायला? हाक मारू का?

मनकर्णा : नगा. तुमच्याशी एकट्याशीच बोलायचंय.

आश्रुबा : बरं. पण आधी मला एक सांग. मागल्या आईतवारी देवळात मी काय सांगितलं हुतं? आपल्यातल्या कुणी आपलं वाईट केलं तर शास्त्राची एक रीत हाय. गावभर बोंब करायची न्हाई. आधी आपण एकटं जायचं, त्याच्या तोंडावर सांगायचं. ऐकलं न्हाई तर दोघंतिघं संगं न्यायचे. तरी ऐकलं न्हाई, तर मग मंडळीपुढं. ह्या पायऱ्या सोडून कुणाला काढलं तर उद्या पाद्रीसाहेब मला धरतील. तू गेलतीस का सटवाकडं?

मनकर्णा : गेलते. शुक्रवारी.

आश्रुबा : गेलतीस?

मनकर्णा : तुमीच सांगितलं न्हवं.

आश्रुबा : सांगितलं खरं. पण मला वाटलं तू जायचीच न्हाईस. शांतवन गेला त्या दिवसापासून तू सटवाच्या सावलीला उभी ऱ्हायली न्हाईस.

मनकर्णा : मलाबी तसंच वाटलं हुतं. ज्याच्यापायी नवरा गेला त्याच्या दारात कोन जाईल? आठ महिने मी देवाला एकच मागायले, मामा. सटवाच्या घरातलंबी कुनीतरी जाऊ दे.

आश्रुबा : असं म्हणू नये पोरी.

मनकर्णा : म्हनत हुते मातर. तुमच्यापाशी खोटं कशाला सांगू? सोमवारी वच्छलाबाई विहिरीवर आली तवा तिची घागर मीच हिसकली आन काठावर उपडी घातली. बारा दिसाची बाळंतीन ती. सगळ्या बाया बघत हुत्या. एकीनं तोंडातनं ब्र काढला न्हाई. नवरा गेलेल्या बाईला कोन आडवनार?

आश्रुबा : तुझा राग साहजिक हाय. म्हणून तर ठराव केला.

मनकर्णा : शुक्रवारी गेले तवा सटवा घरी नव्हता. नदीत गेलता, वाळूत झिरा उकरायला. दोन कोस जायचं, दोन कोस यायचं, आन घागरभर गढूळ पानी. वच्छलाबाई लेकराचे लंगोट राखंनं घासून झटकायली हुती. मला बघून ती उठली आन लेकरू पदराखाली झाकलं. मी लेकराला काई करीन असं वाटलं तिला, मामा. माझी लई लाज वाटली मला.

आश्रुबा : मी तरी काय करू? गावाच्या आडावर जावं म्हणावं त्यांनी.

मनकर्णा : मामा, तुमी हे बोलायलाव? गावाच्या आडावर आपल्या मानसाला पायरी चढू देत्यात का? बाप्तिस्मा झाला म्हनून गावाच्या लेखी जात गेली व्हय? ही सोसायटीची विहीर सुटली तर सटवाला ह्या मुलखात दुसरं पानी न्हाई. आज ठराव झाला तर उद्या त्याला बिऱ्हाड पाठीवर घ्यावं लागंल. तान्ह्या लेकरासकट.

आश्रुबा : तुला ठराव नको काय मग?

मनकर्णा : आदी ऐकून तर घ्या. सटवा आला. मी म्हनलं, तुझा दोष तुला सांगाया आले. त्यो पाया पडला न्हाई, रडला न्हाई. घागर खाली ठिवली आन म्हनला, वहिनी, मी चारच मोजले हुते.

आश्रुबा : हां. तेच जुनं रडगाणं.

मनकर्णा : त्या दिशी विहिरीत भोकं किती मारली हुती, मामा?

आश्रुबा : पाच. तुला म्हाईत हाय की. पाच भोकं, पाच सुरुंग, पाच वाती. वाती पेटवून माणसं वर येणार, आणि सटवा वर बसून आवाज मोजणार. पाच आवाज झाले तर खाली उतरायचं. एक जरी कमी भरला तर त्या दिवशी विहिरीत पाय घालायचा न्हाई. मोजणं हे सटवाचं काम. त्यानं पाच झाले म्हणून सांगितलं, शांतवन उतरला, आणि पाचवा सुरुंग त्याच्या पायाखाली उडाला. ह्यात आणखी काय इचारायचं?

मनकर्णा : सटवा म्हनतो, चार झाले तवाच त्यानं शांतवनला आडवलं. डबराच्या ढिगामागं बशिवलं. म्हनला, एक ऱ्हायलाय, हालू नको, मी मामाला सांगून येतो. आन त्यो तुमच्याकडं निगाला.

आश्रुबा : त्यो पहिल्या दिवशी असं म्हणला हुता, मान्य. मग फौजदारापुढं गप कावून बसला? खरं असतं तर तिथं बोलला असता.

मनकर्णा : मीबी हेच इचारलं. म्हनला, मामानं सांगितलं हुतं, सुरुंगाचा परवाना सोसायटीच्या नावावर हाय, चौकशी लागली तर विहीर बंद पडंल आन तीस घरं तहानंनं मरतील. तू आपलं मोजन्यात चुकलो म्हन. तुला काई होऊ देनार न्हाई. असं म्हनला हुता का तुमी?

आश्रुबा : चेअरमनला दहा जागी दहा गोष्टी बोलाव्या लागतात.

मनकर्णा : म्हंजे म्हनला हुता.

आश्रुबा : पोरी, पहिल्यांदा जो बोलतो त्याचंच खरं वाटत असतं. दुसरा येऊन इचारीपर्यंत. हेबी शास्त्रातलंच हाय.

मनकर्णा : म्हनून तर दुसऱ्याला इचाराया आले. आपल्या लिंबाला रुळाचा तुकडा टांगलाय. त्यो एकसारखा बडवला तर काय समजायचं?

आश्रुबा : सुरुंग पेटलाय, लांब पळा.

मनकर्णा : आन सावकाश तीन ठोके पडले तर?

आश्रुबा : झालं सगळं. विहिरीत उतरायला हरकत न्हाई.

मनकर्णा : आन प्रार्थनेला बोलवायचं असंल तर?

आश्रुबा : तीनच ठोके. पहिल्यापासून. पण विहिरीचं काम सुरू झालं तवा आपण ठरवलं हुतं, काम चाललंय तवर प्रार्थनेला रूळ वाजवायचा न्हाई. घरोघर जाऊन सांगायचं.

मनकर्णा : कुनी ठरवलं हुतं?

आश्रुबा : मी.

मनकर्णा : त्या दिशी बुधवार हुता. पाद्रीसाहेब आले हुते. रूळ कवा वाजला, मामा?

आश्रुबा : किती वेळा सांगू? पाचवा सुरुंग झाल्यावर. माणसं गोळा करायला मी वाजवला.

मनकर्णा : मानसं गोळा करायला कसा वाजवला?

आश्रुबा : कसा म्हणजे? हाताला येईल तसा बडवला.

मनकर्णा : मग सावकाश तीन ठोके कुनी दिले?

आश्रुबा : कोण म्हणतं तीन ठोके पडले?

मनकर्णा : मी म्हनते.

आश्रुबा : तू?

मनकर्णा : मी भाकरी करत हुते. तीन ठोके ऐकले. म्हनलं, प्रार्थना लागली. तवा उतरवला, चुलीतलं जळतन मागं वडलं, हात धुतले. पोरीला काखंला मारलं आन देवळाकडं निगाले. बाभळीपाशी आले तवा पायाखालची भुई हालली. आदी ठोके, मामा. मग सुरुंग. सटवा बोलला आन माझ्या कानात हे सगळं पुन्यांदा वाजलं. आठ महिने हे माझ्यापाशीच हुतं.

आश्रुबा : मग आठ महिने बोलली कावून न्हाईस?

मनकर्णा : तुमी सांगितलं रूळ मागनं वाजला. तुमी पंच. माझं लगीन तुमी जमवलं, पोरीचं नाव तुमी काढलं, शांतवनला मातीबी तुमीच दिली. म्हनलं, मामाचं खरं, आपले कान खोटे. आन मला तवा खरंखोटं कुटं बघायचं हुतं? मला शिव्या द्यायला एक मानूस पायजे हुता. सटवा गावला.

आश्रुबा : माणसाला दुःखात काहीबी आठवतं, मनकर्णे. सटवानं तुझ्या डोक्यात भरवलंय. बाळंतीण दाखवली, लेकरू दाखवलं, आणि तू पाघळलीस. मंडळीपुढं असं काही बोलू नको. लोक हसतील तुला.

मनकर्णा : मंडळीपुढं अजून कुटं बोलले? मामा, तुमी रीत सांगितली. आदी एकटं जायचं. त्याच्या तोंडावर सांगायचं.

आश्रुबा : सटवाकडं गेलीस न्हवं.

मनकर्णा : सटवाकडं चुकून गेलते. आज बराबर आले. मी तुमच्याकडं एकटी आलेय, मामा.

आश्रुबा : तोंड सांभाळून बोल.

मनकर्णा : तीन ठोके तुमी दिले. पाचवा उडायच्या आदी दिले. शांतवनला वाटलं सटवानं तुमाला सांगितलं, तुमी हिशोब मिळवला, म्हनून वाजवलं. तुमच्यावर इश्वास हुता म्हनून त्यो उतरला. हा तुमचा दोष हाय. मी कुनाला सांगितला न्हाई अजून. सटवानंबी न्हाई.

आश्रुबा : खोटं हाय हे. साफ खोटं. माझ्या घरात येऊन माझ्यावर...

छबुबाई : कुनाचा आवाज चढलाय एवढा? मनकर्णा व्हय. सलाम गं पोरी. लई ऊन हाय, पानी घे.

मनकर्णा : सलाम मामी. पानी नगं.

(छबुबाई तांब्या मधोमध ठेवते. कुणी त्याला हात लावत नाही.)

आश्रुबा : छबे, तू परसात जा. आमचं सोसायटीचं बोलणं चाललंय.

छबुबाई : सोसायटीचं? मी परसात हुते, बहिरी न्हवते. शेळीनंबी पाला खायचा थांबवला तुमचं ऐकून.

आश्रुबा : जा म्हणलं न्हवं.

छबुबाई : आठ महिने मागंच हाय मी. आता काई हालत न्हाई. पोरी, एकटी आलीस आन ह्यांनी ऐकलं न्हाई. मग पुढची पायरी काय हाय?

मनकर्णा : अजून एकदोघं संगं घ्यायचे.

छबुबाई : घे मग मला.

आश्रुबा : छबे!

छबुबाई : आवं, ओरडू नगा. त्या सांजंला तुमी डोक्याला फडकं गुंडाळून निगाला. मी ह्याच उंबऱ्यात हुते. म्हनले, सटवा अजून सांगाया आला न्हाई, रुळाला हात लावू नगा. तुमी काय म्हनला? पाद्रीसाहेबाची गेवराईची गाडी चुकंल, चार मानसं तरी जमू दे. म्हनला का न्हाई? म्हना न्हाई म्हनून, माझ्या तोंडावर.

आश्रुबा : तू माझी बायको हायेस का वैरीण?

छबुबाई : बायको हाय म्हनूनच गप ऱ्हायले. ह्याच्याहून मोटं वैर काय करायचं? तुमाला रोज रातच्याला घाम फुटतो, तुमी उठून बसता, मी इचारत न्हाई. मला म्हाईत हाय म्हनून इचारत न्हाई. दर आईतवारी ह्या पोरीच्या शेजारी बसते मी, तिच्या लेकीला मांडीवर घेते, आन माझं काळीज तुटतं. घरात सोताचा चष्मा गावत न्हाई तुमाला, मंडळीचे दोष मातर अंधारात गावत्यात.

आश्रुबा : तुम्हाला दोघींना सोपं हाय. मला तीस घरं बघायची हायत. ही विहीर कुणी मिळवली? तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या मी. सरकार म्हणलं संस्था काढा, संस्था काढली. अंगठे गोळा केले एकेकाचे. तुम्हाला म्हाईत हाय, सुरुंगानं माणूस मेला आणि चौकशी लागली म्हणजे काय हुतं? काम बंद. परवाना रद्द. आणि गावातले ते सुंदरराव टपूनच हुते, ह्या लोकांना विहीर कशाला पायजे म्हणून. दुष्काळ असा, माणसं खडी फोडून सरकारी सुकडीच्या घासावर दिवस काढायलीत, आणि मी विहीर घालवू?

मनकर्णा : विहिरीपायी गप ऱ्हायला म्हना की.

आश्रुबा : हो, ऱ्हायलो. काय चुकलं? आणि तुला एक सांगतो, वाईट वाटलं तरी ऐक. चार सुरुंगांनी निसता खडक फुटला. झरा लागला तो पाचव्यानं. शांतवनला वर काढलं तवा त्याचं अंग ओलं हुतं. त्याच पाण्यावर आठ महिने ही वाडी जगलीय. तूबी तेच पितेस, तुझी पोरबी तेच पिते.

मनकर्णा : ते मला म्हाईत हाय, मामा. मीच त्याला धुतलंय. रोज सकाळी पोहरा वर येतो तवा मला त्योच दिसतो. तरी पिते. न्हाई पिऊन कुटं जाऊ?

छबुबाई : असं बोलतं व्हय कुनी त्या पोरीला? जनाची न्हाई तर मनाची तरी ठिवा.

आश्रुबा : चुकलं. चुकलं माझं बोलणं. ऐक मनकर्णे. आपण असं करू. हा ठराव मी फाडतो. हे बघ, फाडला. मंडळीत मी सांगतो, मनकर्णेनं सटवाला माफ केलं, शास्त्राप्रमाणं समेट झाला. आजपासून सटवाचं पाणी सुरू. बाळंतिणीला मी सोता दोन घागरी पोचवतो. त्यो सुटला, विहीर वाचली, तुझ्याबी मनाला शांती. कुणाचंच वाईट हुत न्हाई. मिटवून टाकू.

मनकर्णा : सटवाला मी कशाची माफी देऊ?

आश्रुबा : म्हणजे?

मनकर्णा : त्यानं केलं काय? मोजायला चुकला न्हाई. आडवायला चुकला न्हाई. आन मी मंडळीत उभी ऱ्हाऊन म्हनू, मी सटवाला माफ केलं? म्हंजे त्याच्या कपाळावर शिक्का मीच मारायचा. उद्या त्याचं लेकरू मोटं हुईल आन माझ्या पोरीला भेटंल. लोक त्याला सांगतील, तुझ्या बापानं हिच्या बापाला मारलं, पन बाईचं मन मोटं, तिनं सोडून दिलं. पानी मिळंल त्याला, मामा. नाव कुटनं मिळंल?

छबुबाई : बराबर हाय. पान्याची घागर भरता यील, इज्जतीची कुटली विहीर?

आश्रुबा : मग तुला पायजे तरी काय? माझी फजिती? चेअरमनकी घे. पंचाचं काम घे. म्हातारपणी मला लिंबाखाली उभं कर आणि पोराटोरांकडून हसू कर. सूड पायजे ना तुला?

मनकर्णा : सूड पायजे असता तर एकटी आले नसते. सरळ मंडळीतच बोंब मारली असती. तुमी तितं खुर्चीत बसून ठराव वाचत असता आन मी खालनं उठले असते. सुचलं हुतं मला. शुक्रवारी रातभर हेच घोळत हुतं. पन तुमीच सांगितलेली रीत आडवी आली.

आश्रुबा : मी सांगितलेली.

मनकर्णा : तुमी सांगितलेली. आन मी एकटी तुमाला सांगनार आन सोता सुटनार असं न्हाई. घागर मी उपडी केली. आठ महिने सटवाला मानसातनं उटवलं ते मी. मीबी उभी ऱ्हाऊन सांगनार.

छबुबाई : आन मीबी. मला काय कमी म्हाईत हुतं?

आश्रुबा : तुम्हाला सगळं म्हाईत न्हाई.

छबुबाई : काय न्हाई म्हाईत?

आश्रुबा : काही न्हाई. जाऊ दे.

मनकर्णा : मामा.

आश्रुबा : तीन ठोके दिले ते कुणाचं वाईट व्हावं म्हणून न्हाई दिले. हे देवाशपथ खरं हाय. पाद्रीसाहेब घड्याळ बघायले. तीन महिन्यांनी येणारा माणूस, आणि देवळात दोन म्हाताऱ्या आणि एक कुत्रं. मला लाज वाटली. हात गेला रुळाकडं. तिसरा ठोका पडला आणि ध्यानात आलं, आपण काय केलं. तेवढ्यात सटवा दिसला. हात हालवत पळत येत हुता. ओरडत हुता, वाजवू नका, एक ऱ्हायलाय.

मनकर्णा : तवा सुरुंग झाला नव्हता?

आश्रुबा : न्हाई.

छबुबाई : हे मला सांगितलं न्हाई तुमी.

आश्रुबा : कुणालाच न्हाई. सटवा लिंबापर्यंत आलाच न्हाई. तीन ठोके ऐकून अर्ध्या वाटेतनं माघारी पळाला, विहिरीकडं. आणि माझ्या हातात हातोडा हुता. रूळ समोर हुता. एकसारखा बडवला असता तर शांतवन जिथं असंल तिथनं वर पळाला असता. मला कळत हुतं. सगळं कळत हुतं. पण पाद्रीसाहेब म्हणले, काय झालं आश्रुबा, आता आणखी कशाला वाजवता? मी म्हणलं, काही न्हाई साहेब, चला आत. म्हणलं, दोन सुरुंग एकदम उडाले असतील. सटवा उगं भितोय. आता बडवलं तर साहेबापुढं आपली चूक दिसंल. एवढंच मनात आलं, मनकर्णे. साहेबापुढं चूक दिसंल. आणि मी त्यांच्या मागं देवळात गेलो. चटई झटकली.

मनकर्णा : किती येळ?

आश्रुबा : काय?

मनकर्णा : तुमच्या ठोक्यापास्नं सुरुंगापत्तुर किती येळ हुता?

आश्रुबा : तुझा तवा उतरून, हात धुवून, तू बाभळीपर्यंत आलीस तेवढा.

मनकर्णा : लई येळ हुता मग.

आश्रुबा : हो. लई हुता.

छबुबाई : देवा रं माझ्या. चाळीस वर्सं ह्या मानसाला हातानं वाढलं मी.

मनकर्णा : सटवा म्हनला, धा पावलं ऱ्हायली हुती त्याची. धाच पावलं. मी त्याला म्हनलं, तू जरा जोरात कावून न्हाई पळालास? त्यो म्हनला, रोज हेच इचारतो सोताला. आन तुमी चटई झटकत हुता.

आश्रुबा : मला माफ करशील का, मनकर्णे?

मनकर्णा : आत्ता मला इचारू नगा. आत्ता माझ्या मनात तुमच्यासाठी काईच न्हाई, मामा. निसता खडक हाय. पुढं काई फुटलं तर देईन. न्हाई फुटलं तर देवाला सांगंन, तू दे. पन मला एकटीला सांगून ते भागत न्हाई आता. सटवाला लिंबाखाली तीस घरांनी दोषी धरलं, तितंच त्याला मोकळं केलं पायजे. तुमी आज खुर्चीवर बसायचं न्हाई. सटवा खाली जितं बसतो तितं, त्याच्या शेजारी बसायचं. आन जे आत्ता सांगितलं ते सगळं सांगायचं. चटईसकट.

आश्रुबा : आणि फौजदार आला तर?

छबुबाई : यील. न्हाई आला तर तुमीच जा. मी भाकरी बांधून देते.

आश्रुबा : विहीर गेली तर? पाऊस पडूपर्यंत तरी थांब, मनकर्णे. मिरगाला पंधरा दिवस हायत. एकदा पाऊस लागला की मी सोता सगळ्यांना...

मनकर्णा : गेल्या साली मिरग आलता का? आन तवर सटवा कुटं असंल? विहीर जाईल का ऱ्हाईल ते मला म्हाईत न्हाई. गेली तर मीबी नदीत झिरा उकरीन, तुमीबी उकरा. सटवा आठवडाभर उकरायलाच हाय की.

छबुबाई : उठा. किती येळ बसनार असं?

आश्रुबा : माझा चष्मा कुठं हाय? आणि शास्त्र दे इकडं.

छबुबाई : चष्मा नगं. आज वाचायचं न्हाई. सांगायचंय.

आश्रुबा : चष्म्याबिगर मला वाट दिसत न्हाई.

छबुबाई : काठी घ्या. मी हाय संगं. मनातनं उतरलाव तुमी माझ्या, पन चालते मी संगं.

मनकर्णा : मी विहिरीवरनं येते. वच्छलाबाईची घागर सोमवारपास्नं काठावर तशीच उपडी हाय. भरून तिच्या दारात ठिवते.

आश्रुबा : चार वाजत आले. रूळ वाजवतो मग. मंडळी जमू दे.

मनकर्णा : रूळ नगा वाजवू, मामा.

आश्रुबा : मग लोकं जमणार कशी?

मनकर्णा : घरोघर जाऊन सांगायचं ठरलं हुतं न्हवं.

आश्रुबा : तीस घरं हायत, पोरी. दारात जाऊन काय सांगू?

मनकर्णा : मंडळी बसनार हाय, एवढंच. बाकीचं तितं.

आश्रुबा : कुणापासून सुरू करू?

मनकर्णा : सटवापास्नं. हाक मारल्या मारल्या दार उघडत न्हाई त्यो आता. थांबा तितं.